वायू व प्रकाशसंवेदी अर्धवाहक : नॅनोतारेचा पूर्वेतिहास आणि मालेगावची जाड पटले

नॅनोतारांच्या संवेदकांचा इतिहास सामान्यतः 2001 पासून सांगितला जातो. त्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठातील चार्ल्स लीबर यांच्या गटाने सिलिकॉनच्या नॅनोतारेच्या साहाय्याने रासायनिक व जैविक द्रव्ये ओळखून दाखविली. प्रस्तुत लेखात हा आरंभबिंदू मागे नेण्याचा, तसेच आपल्या भागातील महाविद्यालयीन संशोधनाचे त्या इतिहासातील स्थान तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रकाशाने पदार्थाचा विद्युतरोध बदलतो, हे विलोबी स्मिथ यांनी सेलेनियमबाबत 1873 मध्ये नोंदविले. जगदीशचंद्र बोस यांच्या गॅलेना स्फटिकाच्या शोधकाला 1904 मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले. विद्युतलहरींबरोबरच दृश्य प्रकाशालाही तो प्रतिसाद देत असे. वायूंची गोष्ट मात्र निराळी आहे. 1953 मध्ये ब्रॅटन व बार्डीन यांनी सभोवतालचा वायू बदलला की जर्मेनियमच्या पृष्ठभागाचे विद्युत गुणधर्म बदलतात, असे दाखविले. ट्रान्झिस्टर तयार करणाऱ्यांच्या दृष्टीने ही कटकटच होती. हवा व आर्द्रता लागू नये म्हणून ट्रान्झिस्टर धातूच्या डबीत बंद केले जात. पृष्ठभागाचा हा दोष उघडा ठेवून त्याचाच उपयोग करावा, हा विचार जपानमध्ये पुढे आला. 1962 मध्ये सेइयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी झिंक ऑक्साइडच्या तप्त पातळ पटलाने वायू ओळखले. त्याच काळात तागुची यांनी टिन ऑक्साइडचा संवेदक विकसित केला. घरगुती गॅसगळतीची सूचना देणारी उपकरणे त्यातूनच बाजारात आली.

यामागील तत्त्व असे. हवेतील ऑक्सिजन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर चिकटतो आणि तेथील इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो, त्यामुळे रोध वाढतो. एलपीजीसारखा वायू आला की त्या ऑक्सिजनशी त्याची अभिक्रिया होते, इलेक्ट्रॉन मुक्त होतात व रोध घटतो. जाड कणात हा परिणाम सालीपुरता राहतो. काही नॅनोमीटर जाडीच्या तारेत तो थेट गाभ्यापर्यंत पोहोचतो. नॅनोतारेची नवलाई एवढीच, आणि ती लहान नव्हे. 2002 मध्ये बर्कली येथील पेइडोंग यांग यांच्या गटाला झिंक ऑक्साइडच्या नॅनोतारेचा रोध अतिनील प्रकाशात चार ते सहा दशमान पटींनी, म्हणजे दहा हजार ते दहा लाख पट, घटल्याचे आढळले. तेथेही पृष्ठभागावरील ऑक्सिजनचा वाटा होताच.

मालेगाव कॅम्प येथील महाराजा सयाजीराव गायकवाड महाविद्यालय, चांदवडचे महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय येथे 2000 नंतरच्या काळात जे काम झाले, ते प्रामुख्याने जाड पटलांवर. ऑक्साइडची भुकटी सेंद्रिय द्रवात कालवून लेप तयार करावयाचा, तो बारीक जाळीतून ॲल्युमिनाच्या पट्टीवर उतरवावयाचा आणि भट्टीत भाजावयाचा. तंत्र लग्नपत्रिकांच्या स्क्रीन छपाईचेच! इलेक्ट्रॉन-किरण लेखनाची यंत्रणा नसलेल्या विभागालाही ते परवडते. यंत्रमागाच्या या शहरात जाळी, लेप आणि भाजणी यांचे कोणाला अप्रूप वाटत नाही. कदाचित म्हणूनच आपल्याच प्राध्यापकांना हे काम दुय्यम वाटत असावे. प्रस्तुत लेखकाला हे मान्य नाही. सेइयामा यांनी मांडलेला प्रश्न येथे स्वस्त साधनांनी पुढे चालविला गेला. टिन व झिंक ऑक्साइडवर इतर ऑक्साइडांचे संस्कार करून कोणत्या वायूला कोणत्या तापमानास अधिक प्रतिसाद मिळतो, हे चिकाटीने मोजले गेले.

याचा अर्थ दोन्ही साधने सारखीच, असा नाही. संवेदनक्षमतेत नॅनोतार पुढे आहे. परंतु एकेका तारेला विद्युतजोड देणे व एकसारख्या तारा मोठ्या संख्येने बनविणे कठीण आहे. जाड पटल त्या मानाने टिकाऊ व पुनरुत्पादनास सोपे, मात्र त्याला बहुधा शेकडो अंश सेल्सिअस तापवावे लागते आणि त्यात वीज खर्च होते. निवडक्षमतेचा प्रश्न दोघांनाही सुटलेला नाही. एलपीजी, मद्यार्काची वाफ आणि पावसाळ्यातील आर्द्रता या तिन्हींनी रोध बदलतो, आणि नेमके कोणामुळे बदलला, हे एकटा संवेदक सांगू शकत नाही.