पांखरांची टिपणवही

फाल्गुन सरून चैत्राचें ऊन तापूं लागलें, कीं आपल्या अंगणांतून एक पाहुणा न सांगतां निघून जातो. पावसाळ्याच्या अखेरीस तो आलेला असतो. शेंपटी वरखालीं हालवीत तो सारा हिंवाळाभर गच्चीवर, नळापाशीं आणि मैदानाच्या हिरवळीवर हिंडत असतो. आपण त्याला धोबी म्हणतों. मग एके दिवशीं सहज ध्यानांत येतें, कीं चारआठ दिवसांत तो दिसलाच नाहीं. नेमका कोणत्या तारखेस गेला, असें कोणी विचारिलें, तर घरांतील एकालाही सांगतां यावयाचें नाहीं. दुधाचा हिशेब आपण भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर नेमानें मांडतों. धोब्याच्या जाण्यायेण्याची तारीख मांडावी, असें मात्र आपल्या मनांत येत नाहीं. आणि आलें, तरी त्या एका तारखेचा उपयोग काय, असा प्रश्न लागलीच पुढें उभा राहतो.

प्रश्न रास्त आहे. एका अंगणांतील एका पक्ष्याच्या एका तारखेला फारशी किंमत नाहीं, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु अशा लक्षावधि तारखा एकत्र केल्या आणि जपून ठेविल्या, तर त्यांतून काय निष्पन्न होतें, याची एक हकीकत अमेरिकेंत घडली आहे. ती आज आपणांस सांगावयाची आहे. तिच्या जोडीला सिमल्याची एक हकीकत सांगणार आहें; तिचा शेवट मात्र अगदीं निराळा झाला.

१८८१ सालची गोष्ट. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिनेसोटा हें संस्थान पार उत्तरेस, कॅनडाच्या सीमेस लागून आहे. तेथील ओजिब्वे नांवाच्या मूळ रहिवाशांच्या मुलांना शिकविण्याचें काम वेल्स कुक हा तेवीस वर्षांचा तरुण करीत असे. त्या मुलखांतला हिंवाळा मोठा कडक. तळीं गोठून जातात, किडामुंगी नाहींशी होते, आणि बहुतेक पक्षी दक्षिणेची वाट धरतात. कोणी मेक्सिकोच्या आखाताकांठीं थांबतात, कोणी थेट दक्षिण अमेरिकेंत उतरतात. बर्फ वितळूं लागलें, कीं हीच मंडळी टप्प्याटप्प्यानें परत येऊं लागतात. पांच महिने मुकें असलेलें रान पुन्हा बोलूं लागतें. आपल्याकडे पहिल्या पावसाचें जें कौतुक, तेंच तिकडे पहिल्या पांखराचें.

आपल्या गांवीं कोणतें पांखरूं कोणत्या दिवशीं आलें, हें एकटा माणूस लिहून ठेवूं शकतो. पण तें निघालें केव्हां, वाटेंतील गांवें त्यानें कोणत्या क्रमानें गांठलीं, रोज किती मजल मारली, हें एकट्याच्या डोळ्यांना दिसणें शक्य नाहीं. पक्ष्यांचा प्रवास शेंकडों कोसांचा आणि पाहणाराचें अंगण दहा हातांचें. कुकनें यावर साधा उपाय योजिला. ठिकठिकाणच्या पक्षिप्रेमी लोकांस त्यानें पत्रें लिहिलीं, कीं तुमच्या गांवीं वसंतांत कोणता पक्षी प्रथम केव्हां दिसला, तें मला कळवा. मिसिसिपी नदीचें खोरें उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत पसरलेलें असून तो पक्ष्यांचा जणूं राजमार्गच आहे. त्या मार्गावर जेथें जेथें टिपण ठेवणारा माणूस मिळाला, तेथें तेथें एकेक मैलाचा दगड उभा राहिला म्हणावयाचा.

पुढें १८८३ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्क येथें अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांचा संघ स्थापन झाला. या संघानें पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास हातीं घेतला व त्याची धुरा हार्ट मेरियम यांच्याकडे सोंपविली. मेरियम यांनीं देशाचे विभाग पाडले आणि मिसिसिपीचें खोरें कुककडे दिलें. हजारों छापील पत्रकें निघालीं. तीं शेतकऱ्यांकडे गेलीं, शिक्षकांकडे गेलीं, आणि समुद्रकिनाऱ्यावरील दीपगृहांच्या रखवालदारांकडेही गेलीं. दीपगृहांची आठवण व्हावी याला कारण होतें. पुष्कळ लहान पक्षी रात्रीं प्रवास करतात. धुक्याच्या रात्रीं ते दिव्याकडे ओढले जातात आणि कांचेवर आपटून मरतात. ज्या प्रवासास दिवसां साक्षीदार नाहीं, त्याची साक्ष देणारा माणूस तो रखवालदार एकटाच.

१८८५ सालीं सरकारनें या कामास पांच हजार डॉलरांची मदत दिली व तें शेतकी खात्याच्या पदरीं बांधलें. पक्षी किडे खातात, किडे पीक खातात, तेव्हां पक्ष्यांचा अभ्यास शेतीच्या हिताचा, असा हा व्यवहारी हिशेब होता. पक्षी पाहून कळविणाऱ्यांना मात्र एक पैही मिळत नसे. ते आपल्या हौसेनें पाहत आणि आपल्या हस्ताक्षरांत लिहून पाठवीत.

त्या टिपणांत चार गोष्टी मुख्य असत: पक्षी पहिल्यानें कधीं दिसला, पुन्हा कधीं दिसला, सर्रास कधीं दिसूं लागला, आणि शेवटचा कधीं दिसला. यांतील तिसरा प्रश्न मोठ्या शहाणपणाचा आहे. एखादा चुकार पक्षी आठ दिवस अगोदर येऊन गेला, म्हणजे थवा आला असें होत नाहीं. लग्नघरीं पहिला पाहुणा पोंचला, म्हणून वऱ्हाड आलें असें आपणही म्हणत नाहीं.

आतां या तारखांचा हिशेब कसा मांडतात, तें पाहण्यासारखें आहे. एक पक्षी दक्षिणेकडील एका गांवीं आज दिसला आणि तीनशें मैल उत्तरेकडील गांवीं दहा दिवसांनीं दिसला, असें धरा. अंतराला दिवसांनीं भागलें, कीं त्याचा वेग हातीं येतो. शाळेंत शिकविण्याच्या या गणितानें कुकनें फार सुंदर गोष्टी उलगडून दाखविल्या. ब्लॅकपोल वॉर्बलर नांवाचें काळ्या टोपीचें एक चिमुकलें पांखरूं आहे. आखाताच्या किनाऱ्यापासून मिनेसोटापर्यंत तें रोजीं सरासरी ३० ते ३५ मैलांच्या सावकाश चालीनें येतें. तेथून पुढें अलास्काकडे वळलें, कीं तोच वेग २०० मैलांच्या वर जातो. माहेरची वाट जवळ आली, कीं पाऊल भराभर पडतें, असेंच म्हणावें ना?

दुसरें उदाहरण टिटवीच्या कुळांतील सोनेरी ठिपक्यांच्या प्लोव्हरचें. मिसिसिपीच्या खोऱ्यांतील लोकांना तो वसंतांत पुष्कळ दिसे, पण शरदांत क्वचित्. अटलांटिक किनाऱ्यावरील लोकांचा अनुभव नेमका उलट. दोघेही आपापल्या परीनें खरें बोलत होते. त्यांचीं टिपणें शेजारीं शेजारीं ठेविल्यावर उलगडा झाला, कीं हा पक्षी जाण्यायेण्यास दोन निराळ्या वाटा वापरतो. शरदांत तो ईशान्य किनाऱ्यावरून महासागरावर झेप घेऊन थेट दक्षिण अमेरिका गांठतो, आणि वसंतांत खोऱ्यांतून परत ध्रुवप्रदेशाकडे जातो. दोघांपैकीं एकाचेंच टिपण हातीं असतें, तर अर्धें सत्यच पूर्ण समजून आपण बसलों असतों.

एवढें ज्ञान कागदाच्या कपट्यांतून निघालें. परंतु कागद म्हटला, कीं त्याला वाळवी आहे, ओल आहे, आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे घरांतील आवराआवर आहे. येथें सिमल्याची हकीकत सांगितली पाहिजे.

अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हें नांव आपणां सर्वांस ठाऊक आहे. १८८५ च्या डिसेंबरांत मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन भरलें, त्याच्या प्रवर्तकांपैकीं ते एक. पण त्यापूर्वीं कित्येक वर्षें ह्यूम यांचा जीव पक्ष्यांत गुंतलेला होता. 'स्ट्रे फेदर्स' नांवाचें नियतकालिक त्यांनीं १८७२ च्या सुमारास काढलें. देशभर विखुरलेले अधिकारी, लष्करी गृहस्थ आणि हौशी निरीक्षक आपापल्या भागांतील पक्ष्यांचीं टिपणें त्यांना धाडीत. कुकच्या आधीं दहा वर्षें ह्यूम यांनीं हिंदुस्थानांत जवळजवळ तसलेंच जाळें विणलें होतें. त्या सर्व सामग्रीवरून हिंदुस्थानच्या पक्ष्यांचा एक मोठा ग्रंथ सिद्ध करावयाचा, हा त्यांचा संकल्प होता.

१८८३ च्या सुमारास ते प्रवासाहून सिमल्याच्या घरीं परतले, तों त्यांच्या हस्तलिखितांचे गठ्ठेच्या गठ्ठे नाहींसे झालेले. एका नोकरानें ते रद्दी म्हणून बाजारांत विकून टाकले होते. पंचवीस वर्षांची मेहनत वाण्याच्या पुड्यांसाठीं गेली म्हणा ना! ह्यूम यांचें मन या विषयावरून जें उडालें, तें पुन्हा बसलें नाहीं. आपल्या संग्रहांतील सुमारें ८२,००० नमुने त्यांनीं १८८५ सालीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकले. ग्रंथ झालाच नाहीं. त्या नोकराला दोष देण्यांत अर्थ नाहीं. लिहिलेल्या कागदाची किंमत ज्याला कोणी सांगितली नाहीं, त्याला तो कागद वजनानेंच मोजावा लागतो.

योगायोग असा, कीं त्याच १८८३ च्या सप्टेंबरांत, न्यूयॉर्कच्या संघाआधीं कांहीं दिवस, मुंबईस आठ गृहस्थांनीं एकत्र येऊन नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले लोक होते. या संस्थेचें नियतकालिक १८८६ पासून निघत आलें आहे. कोठें कोणता पक्षी अवेळीं दिसला, अशीं चारपांच ओळींचीं टिपणें त्यानें मोठमोठ्या निबंधांच्या जोडीला आदरानें छापलीं. एका माणसाच्या कपाटांत जें सुरक्षित राहिलें नाहीं, तें संस्थेच्या दप्तरांत राहूं शकतें, ही यांतली शिकवण.

अमेरिकेतील कार्डांवरही संकट आलें नाहीं असें नाहीं. कुक १९१६ सालीं वारला. पुढें फ्रेडरिक लिंकन यांनीं हें काम चालविलें. पक्ष्यांच्या पायांत कडीं अडकवून मिळविलेली माहिती मुख्यतः आधारास घेऊन त्यांनीं १९३५ सालीं अमेरिकेतील पाणपक्ष्यांचे चार प्रमुख मार्ग आंखून दाखविले. पण कड्यांनीं माहिती अधिक नेमकी मिळूं लागली, तशी हातानें लिहिलेल्या कार्डांकडे दृष्टि कमी होत गेली. १९७० सालीं हें काम बंद पडलें. तोंपर्यंत नव्वद वर्षांत सुमारें साठ लाख कार्डें जमलीं होतीं. माळ्यावरून तळघरांत, तळघरांतून आणखी कोठें, असा त्यांचा मुक्काम हालत राहिला. पण चँडलर रॉबिन्स यांच्यासारख्या पक्षिशास्त्रज्ञांनीं तीं फेंकूं दिलीं नाहींत. उद्यां कोणास काय लागेल, हें आज सांगतां येत नाहीं, एवढी जाणीव असली तरी पुष्कळ झालें.

तो उद्यां २००९ सालीं उजाडला. मेरिलंडमधील पाटक्सेंट येथील सरकारी संशोधन केंद्रानें या कार्डांच्या प्रतिमा संगणकावर चढविण्यास आरंभ केला आणि वाचकांस हांक दिली, कीं हीं जुनीं हस्ताक्षरें लावून द्या. शेंकडों लोक पुढें आले. घरीं बसून, कांहीं मोबदला न घेतां, पणजोबांच्या पिढीचें अक्षर ते लावूं लागले. त्या ढिगाऱ्यांत प्रवासी पारव्याच्याही नोंदी निघाल्या. या पारव्याचे थवे एके काळीं सूर्य झांकीत. त्यांतला शेवटचा पारवा १९१४ सालीं सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत मेला. ज्यानें तें कार्ड लिहिलें, त्यानें एक नेहमींचाच पक्षी पाहिला होता.

२०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत जुन्या तारखा आणि अलीकडच्या तारखा ताडून पाहण्यांत आल्या. पक्षी होता माणकासारख्या गळ्याचा हमिंगबर्ड. वजन जेमतेम तीन ग्रॅम. पूर्व अमेरिकेंत ४१ अक्षांशाच्या दक्षिणेस तो पूर्वीपेक्षां सुमारें ११ ते १८ दिवस अगोदर येऊं लागला आहे, असें आढळलें. वाढत्या उष्णतेशीं शास्त्रज्ञ याचा संबंध जोडतात. यांत चिंतेचें कारण असें, कीं पक्षी, फूल आणि किडा या तिघांचें पंचांग एकाच वेगानें बदलेल असा भरंवसा नाहीं. अर्थात् येथें सावधगिरी हवी. पाहणारे डोळे वाढले, कीं पहिला पक्षी आपोआप लौकर दिसतो. म्हणून अभ्यासक तारखांची तुलना फार जपून करतात. तरीही मूळ मुद्दा उरतोच. १८८१ सालीं कुकला हवा तापण्याचा प्रश्न ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्यानें गोळा केलेलें उत्तर मात्र सव्वाशें वर्षें पेटीबंद राहून योग्य वेळीं हातीं आलें.

आपल्याकडे २००७ सालीं बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसनें 'मायग्रंटवॉच' नांवाचा उपक्रम असाच सुरू केला. हिंवाळी पाहुण्यांच्या तारखा लोकांनीं कळवाव्या, अशी ती विनंती होती. पुढें तींत चातकाचीही भर पडली. मृगाच्या सुमारास आफ्रिकेकडून येणारा काळापांढरा, तुरेवाला चातक कोणत्या गांवीं पहिल्यानें दिसला, हें ठिकठिकाणचे लोक कळवूं लागले. चातक पावसाची वाट पाहतो, असें कवि म्हणतात. आतां लोक चातकाची वाट पाहत तारखा लिहूं लागले. आज असल्या नोंदी बहुतांशीं 'ईबर्ड' या जागतिक वहींत जातात. ती वही कोणाच्याही घरून भरतां येते.

तेव्हां, श्रोतेहो, यंदा धोबी अंगणांत दिसेनासा झाला, कीं दुधाच्या हिशेबाशेजारीं ती तारीख मांडून ठेवा, आणि मृगांत चातकाचा पहिला शब्द कानीं आला, कीं तोही दिवस लिहा. लिहून झाल्यावर जेथें तें जपलें जातें, तेथें तें धाडा. वर्ष संपलें, कीं भिंतीवरची जुनी दिनदर्शिका आपल्याकडे रद्दींत जाते.