चंची

शहापुरातल्या एका लग्नात ओळखीच्या मुलीच्या हातात खणाची पर्स दिसली. ‘‘टाकाऊपासून टिकाऊ आहे, मावशी,’’ ती कौतुकानं म्हणाली. मी पर्स उलटून पाहिली. खण कोरा करकरीत. कुठं विटलेला नाही, कुठं उसवल्याची खूण नाही. यात टाकाऊ काय होतं, ते मला कळेना. घरी आल्यावर मी आजीची चंची काढली.

नव्या पिढीसाठी सांगायला हवं. चंची म्हणजे पानसुपारीची कापडी पिशवी. उलगडली की कप्पे दिसतात : पान, सुपारी, चुन्याची डबी, तंबाखू. गुंडाळून दोरी बांधायची आणि कमरेला खोचायची. आजीच्या चंचीचं वरचं कापड जुन्या चोळीच्या पाठीचं आहे. चोळी आधी काखेत फाटते, पाठ शाबूत राहते. अस्तर आजोबांच्या धोतराच्या धडप्याचं. दोरी इरकलीच्या पदराची. त्या साडीचं अंग सुती होतं, ते विरून वाकळीत गेलं. रेशमी पदर मागं उरला. कापड अंगावर घालण्याजोगं होतं तोवर आजीनं त्याला कात्री लावली नसती.

हा शब्द आपला की कानडी, यावर आमच्या घरी वाद होत. कानडीत ‘संची’ही म्हणतात. म्हैसूरच्या चिक्कदेवराजाच्या दरबारात (१६७३–१७०४) विड्याची संची सांभाळणारी होन्नम्मा नावाची बाई होती. तिनं ‘हदिबदेय धर्म’ हे काव्य लिहिलं. विषय पतिव्रतेचा धर्म. पण मुलीला कमी लेखणाऱ्यांना तिनं त्यात खडसावलंही आहे. कानडी साहित्यात ती आजही ‘संची होन्नम्मा’ म्हणूनच ओळखली जाते. पिशवीनं कवयित्रीला नाव द्यावं, असं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

खणाचंही तसंच. विणला जायचा गुळेदगुड्डला, आजच्या बागलकोट जिल्ह्यात. शिवला जायचा मराठी बायकांच्या चोळ्यांसाठी. १९५६ पर्यंत बेळगाव, विजापूर, धारवाड हा सारा मुलूख मुंबई राज्यातच होता. राज्यं वेगळी झाली तरी खण येत राहिला. त्याला खरा फटका बसला तो नऊवारी मागं पडली आणि साडीवर ‘मॅचिंग’ ब्लाउज आले तेव्हा. म्हणून पर्सवर मी सरसकट रागावत नाही. तिच्यामुळं एखादा माग चालत असेल तर चांगलंच आहे. फक्त तिला टाकाऊ म्हणू नये.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात नक्षीदार अडकित्ते पाहिले, तेव्हा वाटलं, धातूचं टिकलं म्हणून त्याचा इतिहास झाला. चंची मुळातच चिंध्यांची. फाटली की तिचं पोतेरं व्हायचं, मग चूल. शिवणारीचं नाव कुठंच नाही. आजीची उरली, कारण तिच्यामागं घरात पान खाणारं कुणी राहिलं नाही.

परवा ती मुलगी चंची बघायला आली. कप्प्यात बोट घालून चुन्याचा जुना डाग तिनं खरवडून पाहिला. आईच्या दोन फाटक्या चोळ्या घरात आहेत म्हणाली. मी म्हटलं, घेऊन ये. पण आधी पाठ उजेडात धरून बघ, विरली असेल तर टाका धरणार नाही.