लोणावळ्याची मध्यशतकातील घरे

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली आहे. तीत ज्या खटाटोपाचा निर्देश आहे, तो आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी मावळात केला. सुमारे १९४५ ते १९७० या काळात नोकरीपेशातील कित्येक कुटुंबांनी पै-पै साठवून लोणावळे, खंडाळे, कामशेत, तळेगाव या टापूत चार-पाच खोल्यांची टुमदार घरे उभारली. आज त्यांतील पुष्कळ घरे वारसांकडून विक्रीस निघत आहेत. ती कोणत्या विचाराने बांधली गेली आणि त्यांत गुण कोणते व दोष कोणते, हे घेणाऱ्याने व देणाऱ्यानेही जाणून घेतले पाहिजे. यास्तव हा लेखनप्रपंच.

मावळात वास्तूचा अभिमान नवा नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक प्राकृत शिलालेख आहे. वैजयंती येथील भूतपाल नामक श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण करविले व ते जंबुद्वीपात उत्तम होय, असा त्याचा आशय. दर्शनी भागातील भव्य कमानदार गवाक्षातून तेथे उजेड आत येतो. आणि छताच्या मूळच्या लाकडी फासळ्या इतक्या शतकांचे पावसाळे लोटूनही अद्याप शिल्लक आहेत. उजेड आत घ्यावा, पाणी बाहेर ठेवावे, म्हणजे लाकूडही टिकते, हा मावळातील गृहरचनेचा पहिला धडा होय.

अर्वाचीन लोणावळे ही मात्र आगगाडीची निर्मिती. खंडाळे ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला. तथापि मधला बोरघाट पुरा होण्यास १८६३ साल उजाडले. तोवर उतारूंना घाट पालखीने वा तट्टावरून चढावा लागे. गाडी थेट धावू लागल्यावर लोणावळे वाढले व १८७७ साली तेथे नगरपालिका स्थापन झाली. त्या काळच्या बंगल्यांना उंच जोते, रुंद व्हरांडे व मोठाली आवारे असत. ते संस्थानिकांचे, साहेबांचे व मुंबईच्या धनिकांचे विश्व होते. मध्यमवर्गीय माणूस तेथे हवापालटासाठी जाई, आणि एखाद्या आरोग्यभवनातील खोलीवर समाधान मानी.

हे चित्र पालटण्यास विसाव्या शतकातील काही घटना कारण झाल्या. लोणावळे, वळवण व शिरवटा येथील तलावांच्या पाण्यावर टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ साली चालू झाले. १९३० साली ‘दख्खनची राणी’ विजेच्या बळावर घाट चढू लागली. १९३६ साली अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. ही कंपनी जन्मास आली. १९३७ साली भारतीय वास्तुशास्त्रज्ञांच्या संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श गृहाचे प्रदर्शन भरविले. इकडे पुण्यातून आर. एस. देशपांडे या अभियंत्याची मध्यमवर्गाच्या घरांविषयीची नकाशांसह पुस्तके निघू लागली. त्यांतील ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ हे १९३९ सालचे. महायुद्ध संपल्यावर या सर्वांचे फळ दिसू लागले. वास्तुविशारदाची फी न परवडणारा माणूसही छापील नकाशा गवंड्यापुढे ठेवून घर बांधू लागला.

याच सुमारास साऱ्या जगात घराची कल्पना बदलत होती. जर्मनीतील बौहाउस या विद्यालयाचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस पुढे अमेरिकेत हार्वर्ड येथे शिकवीत. सिंधुदुर्गातील आचऱ्यास १९१६ साली जन्मलेले अच्युत कानविंदे हे त्यांचे शिष्य. वृथा नक्षी नको, बांधकाम लपवू नये, उजेड व वारा मोकळा असावा, ही या पंथाची शिकवण. अमेरिकेतील चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने १९४९ साली कारखान्यात तयार मिळणारे लोखंडी सांगाडे व खिडक्या जोडून आपले घर उभारले आणि ते जगप्रसिद्ध झाले. हेच दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले. १९५८ च्या आपल्या अहवालात त्यांनी सर्वाधिक गौरव केला तो आपल्या साध्या लोट्याचा! हाती धरण्यास, भरण्यास, ओतण्यास व घासण्यास सोयीचा म्हणूनच तो सुंदर, हे त्यांचे म्हणणे. या घरांना हल्ली ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ म्हणतात. हे नाव १९८४ साली कारा ग्रीनबर्ग यांच्या पुस्तकाने रूढ केले. आपल्या आजोबांना ते नाव ठाऊक नव्हते. लोट्याचा न्याय मात्र चांगला ठाऊक होता.

त्यांच्यापुढे खरा प्रश्न होता पावसाचा. लोणावळ्यास दरसाल सरासरीने चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. मुंबईत शोभणारी सपाट गच्ची येथे तशीच उचलून आणली, तर दोन-तीन वर्षांतच छताला पोपडे धरतात. म्हणून जाणत्यांनी नवे व जुने यांची सांगड घातली. जोते व खिडकीपर्यंतच्या भिंती मावळच्या काळ्या पाषाणाच्या. त्यावर विटा व सिमेंटचा गिलावा. खिडक्यांवर काँक्रीटचे लांब, सडपातळ छज्जे. माथ्यावर उतरते मंगळुरी कौलारू छप्पर. आत भिंतीतली कपाटे, मोझेकची वा शहाबादी फरशी, आणि बैठकीच्या कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी उजेड देणारी काटकोनी खिडकी. पावसाच्या बाजूला आषाढातली झड अडविण्यासाठी झापे बांधता यावेत म्हणून आकडे ठोकलेले असत. या घरांवर पाटी आपल्या वडीलधाऱ्यांच्या नावाची असली, तरी ज्या पाथरवटांनी दगड घडविले व ज्या सुतारांनी सागवानी चौकटी बसविल्या, त्यांचा वाटाही तितकाच मोठा आहे.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. आमच्या एका आप्तांचे तुंगार्लीच्या बाजूस १९५७ साली बांधलेले असे घर होते. बांधणारे गृहस्थ कारकून होते व घराचा प्रत्येक खर्च त्यांनी वहीत टिपून ठेवला होता. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि जमिनीचे भाव चढत गेले. वारसांनी आमचा सल्ला विचारला. मध्यस्थ म्हणाला, “गुरुजी, घर मोजूच नका, जमीन मोजा.” आम्हांस ते पटले व आम्ही तसेच सांगितले. दसऱ्याला व्यवहार झाला, दिवाळीपूर्वी घर भुईसपाट झाले. खर्चाची वही माळ्यावरच राहिली होती. तीही राबिटात गेली. विद्यार्थ्यांना आयुष्यभर इतिहास शिकविणाऱ्या आम्हांस तिची आठवण झाली ती त्यानंतर.

पुढे आमच्या ज्ञातीतील एक तरुण जोडपे असेच घर पाहण्यास आम्हांला घेऊन गेले. मे महिन्यात घर कोरडे व रंगवलेले होते, त्यावरून काहीच कळेना. आम्ही त्यांना थांबण्यास सांगून भर आषाढात पुन्हा नेले. पाणी गळत होते, पण कोठे? मागाहून पुढे काढलेल्या सपाट गच्चीखाली, आणि जुन्या सागवानी खिडक्या काढून सरकत्या बसविल्या होत्या तेथे. मूळच्या चार खोल्या खडखडीत कोरड्या होत्या. जोडप्याने ते घर घेतले, गच्चीवर कौलारू छप्पर चढविले व आज ते तेथे सुखाने राहतात.

यावरून घेणाऱ्यांस आमचे सांगणे असे की, घर पाहावे ते आषाढात. रंग पाहू नये. छज्ज्याखालची भिंत, कौलाखालचे वासे व काँक्रीटमधील सळ्या पाहाव्यात. सळ्या गंजून काँक्रीट फुगले असेल, तर जाणकार अभियंत्यास दाखविल्याशिवाय पुढे जाऊ नये. मूळचे काय व मागाहूनचे काय, हे वेगळे करावे. मिळकतपत्रिका वा सातबारा, फेरफार व बिनशेतीचा हुकूम वकिलाकडून तपासून घ्यावा. कारण शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यास १९४८ च्या कूळकायद्याने निर्बंध आहे.

देणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की, पिता मृत्युपत्राविना निवर्तला असेल, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने मुलींचाही मुलांइतकाच वाटा आहे. तेव्हा बहिणींना केवळ सहीपुरते बोलावू नये. विकावे की राखावे या विचारातच त्यांना घ्यावे. ज्या घरात त्यांचे माहेरपण गेले, त्याविषयी त्यांनाही काही म्हणायचे असते.

प्रत्येक घर राखता येईल, असे आम्ही म्हणत नाही. औषधोपचार, शिक्षण, अंतर अशा अडचणी खऱ्या आहेत, आणि घर विकण्यात कमीपणा काही नाही. परंतु विकण्यापूर्वी नकाशा, खर्चाची वही व चार छायाचित्रे जपून ठेवावीत आणि त्यांची एकेक प्रत आपल्या संस्थेच्या कार्यालयात द्यावी, एवढी सर्व ज्ञातिबंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे. राहण्यासाठी घर शोधणारी कुटुंबे आपल्यातच असतात. पहिला शब्द त्यांच्या कानी घालावा. आमच्या आप्तांची वही गेली ती गेली. आपल्या माळ्यावर अशी एखादी असेल, तर येत्या पावसाळ्यापूर्वी ती खाली काढावी.