रताळ्यावरील सोंडकिड्याची जनुकक्रिया
रताळ्याचा कंद पोखरणाऱ्या सोंडकिड्याच्या (सायलास प्रजाती, गण : कोलिऑप्टेरा, कुल : ब्रेंटिडी) पेशींत जनुकांवरून आरएनए व प्रथिने तयार होण्याची क्रिया. आफ्रिकेतील सायलास पंक्टिकोलिस या जातीचा प्रतिलेखसंच (पेशींतील सर्व आरएनए प्रतींचा संच) २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आरएनए हस्तक्षेपाला (दुपदरी आरएनएद्वारे ठरावीक जनुक बंद पाडण्याच्या क्रियेला) लागणारी मुख्य जनुके आढळली. दुपदरी आरएनए किड्याच्या शरीरात टोचल्यास लक्ष्य जनुक प्रभावीपणे बंद पडते. खाद्यातून दिल्यास मात्र आतड्यातील न्यूक्लिएझ विकरे तो तोडतात व परिणाम घटतो. कीडनियंत्रणासाठी या तंत्राच्या वापरातील ही मोठी अडचण आहे. अळी कंदाच्या आतच वाढत असल्याने फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि पोखरलेल्या कंदात कडू टर्पिनॉइडे साठून तो खाण्याजोगा राहत नाही. त्यामुळे कंदातच दुपदरी आरएनए निर्माण करणाऱ्या वाणांच्या संशोधनाला महत्त्व आहे (पहा : आरएनए हस्तक्षेप, जनुकपरिवर्तित पिके, रताळे).