नाव मिळालं, तोवर पक्षी संपला होता

आजचा एपिसोड छोटा आहे, पण ही गोष्ट मला बरेच दिवस सांगायची होती.

गालापागोस म्हटलं की डार्विनच्या फिंच आठवतात. मी आज त्यांच्या शेजाऱ्याबद्दल बोलणार आहे. चिमणीपेक्षा लहान, नराचं डोकं आणि पोट लालभडक, उडते किडे टिपून जगणारा. आपण त्याला शेंदरी माशीमार म्हणू. आपल्याकडच्या स्वर्गीय नर्तकाचा हा भाऊबंद नाही बरं का, याचं कुळच वेगळं, अमेरिका खंडातलं.

१८३५ साली डार्विनचं बीगल जहाज या बेटांवर पोचलं. तिथून आणलेले माशीमार लंडनमध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डनं तपासले आणि दोन नव्या जाती सांगितल्या. एकीचं नाव ‘नानस’, म्हणजे बुटका. सान क्रिस्टोबल बेटावरच्या दुसरीचं ‘डुबियस’, म्हणजे संशयास्पद!

पुढच्या अभ्यासकांनी तो संशयच खरा धरला. असाच माशीमार मुख्य भूमीवर पार अर्जेंटिनापर्यंत दिसतो, मग बेटांवरचे त्याच्याच उपजाती, असं ठरलं. इथेच घात होतो. उपजात संपली तरी ‘जात आहे ना शिल्लक’ म्हणून मन निवांत राहतं.

१९८७ नंतर सान क्रिस्टोबलवर हा पक्षी दिसला नाही. संशय आहे तो बाहेरून आलेल्या उंदरांवर आणि एका परजीवी माशीवर. तिच्या अळ्या घरट्यातल्या पिल्लांचं रक्त पितात. माशीमाराच्या मुळावर माशीच आली म्हणायची!

आता जरा मागे जाऊ. १९०५-०६ मध्ये कॅलिफोर्निया अकॅडमीची मोहीम गालापागोसला गेली होती. ती तिकडे असतानाच सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, आग लागली, अकॅडमीचं संग्रहालय बेचिराख झालं. मोहिमेनं जमवलेले नमुने मात्र बोटीत होते, म्हणून वाचले. अशा शंभर वर्षं जुन्या नमुन्यांतून शास्त्रज्ञांनी डीएनए काढला. २०१६ साली निकाल आला: गूल्ड बरोबर होता, या दोन्ही स्वतंत्र जातीच आहेत.

म्हणजे ‘डुबियस’ला स्वतंत्र जातीचा मान परत मिळाला आणि त्याच दमात ती नामशेष झाल्याचंही सांगावं लागलं.

‘नानस’ अजून आहे. सांताक्रूझ बेटावर तिची मोजकीच जोडपी उरलीत. तिथे उंदीर आवरायचं आणि परकी झुडपं काढायचं काम चालू आहे. मला वाटतं, त्या जुन्या नमुन्यांचं खरं देणं हेच: या वेळी तरी नाव वेळेवर मिळालंय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!