परकायाप्रवेश आणि रीस्टार्टचा फेरा

आदि शंकराचार्यांची ती गोष्ट आठवते का? वादविवादात मंडनमिश्रांच्या पत्नीनं, उभयभारतीनं, त्यांना संसाराबद्दलचे प्रश्न विचारले. संन्याशाकडे त्यांची उत्तरं कुठून असणार? मग आचार्यांनी अमरुक नावाच्या राजाच्या मृत देहात प्रवेश केला म्हणे. राजा उठून बसला, सगळ्यांना आनंद झाला. पण शरीर तेच असलं तरी आतला माणूस वेगळा आहे, हे मंत्र्यांच्या लवकरच लक्षात आलं. परकायाप्रवेश काही लपून राहिला नाही.

तर मंडळी, आजचा विषय आहे कॉम्प्युटरचा परकायाप्रवेश. आपल्या धंद्यात त्याला सिस्टिम इमेज रिस्टोअर करणं म्हणतात. एका मशीनच्या डिस्कची, म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग्ज, फोटो अशा सगळ्याची हुबेहूब नक्कल काढायची, तिची एक मोठी फाइल करून ठेवायची, आणि वेळ आली की ती दुसऱ्या डिस्कवर ओतायची. बहुतेक वेळा हे झकास जमतं. जमत नाही तेव्हा मात्र लोगो येतो, पट्टी पळते, क्षणभर काहीतरी निळं चमकतं आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू. पुन्हा लोगो, पुन्हा पट्टी, पुन्हा निळं... वेताळ परत झाडावर!

अशा वेळी आपल्याकडे मिळणारा हमखास सल्ला म्हणजे "फॉरमॅट मार रे, वेळ कशाला घालवतोस?" या एका वाक्यानं किती घरांतले लग्नाचे आणि बारशाचे फोटो गेले असतील, देव जाणे. वाईट याचं वाटतं की त्यातल्या कितीतरी मशीन्सना फॉरमॅटची गरजच नसायची. ती का नसायची, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

१९९५ साली विंडोज ९५ आलं. फ्लॉपीवरची आवृत्ती घेतलीत तर १३ फ्लॉप्या, एकामागून एक घालायच्या. एका मशीनला ठीक आहे, पण ऑफिसात ५० मशीन्स असतील तर? त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या मरे हॅझर्ड या प्रोग्रॅमरनं बायनरी रिसर्च या कंपनीसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नाव घोस्ट. एक मशीन नीट लावायचं, त्याची इमेज काढायची आणि बाकीच्या ४९ डिस्कांवर ओतायची. १९९८ मध्ये सिमॅन्टेकनं तो विकत घेतला आणि पुढे नॉर्टन घोस्ट म्हणून तो जगभर पोचला. लॅमिंग्टन रोडवर मशीन जोडून देणारे, सायबर कॅफेवाले, कॉलेजच्या लॅबमधले असिस्टंट, या सगळ्यांच्या तोंडी 'घोस्ट मारणे' हे चक्क मराठी क्रियापद झालं. दिवसभराचं काम वीस मिनिटांत! भूत कामाला लागलं की असंच व्हायचं :)

पण नक्कल म्हटली की शंका आलीच. विंडोज एनटी प्रत्येक मशीनला इन्स्टॉलेशनच्या वेळी एक ओळख क्रमांक देतं, त्याला सिड म्हणतात. इमेज ओतली की ५० मशीन्सचा सिड एकच. हे धोक्याचं आहे, असं सगळ्यांना वाटलं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी सिड बदलून देणारं न्यूसिड नावाचं टूल लिहिलं आणि लोकांनी ते वर्षानुवर्षं इमानेइतबारे वापरलं. मग नोव्हेंबर २००९ मध्ये खुद्द रुसिनोविच यांनीच जाहीरपणे लिहिलं की या सगळ्याचा नीट विचार केल्यावर एकसारख्या मशीन सिडमुळे खरोखर बिघडेल असं काही सापडत नाही. आणि न्यूसिड निवृत्त केलं. (सिसप्रेप हे मायक्रोसॉफ्टचं टूल मात्र इतर कारणांसाठी लागतंच, असंही त्यांनी सांगितलं.) म्हणजे दहाएक वर्षं सगळे भुताच्या नावाला घाबरत होते. अडचण होती ती शरीराची.

कशी ते बघू. मशीन चालू केलं की आधी बायोस जागं होतं. ते डिस्कचा पहिला ५१२ बाइट्सचा तुकडा वाचतं. त्यातला छोटासा प्रोग्रॅम पुढचा तुकडा उचलतो, तो विंडोजचा लोडर उचलतो आणि लोडर कर्नल उचलतो. इथवर बायोस हाताला धरून चालवत असतं. मग कर्नल म्हणतं, आता डिस्क मी माझ्या ड्रायव्हरनं वाचणार. हा क्षण महत्त्वाचा. कुठला ड्रायव्हर घ्यायचा हे रजिस्ट्रीत लिहिलेलं असतं, आणि ते लिहिलेलं असतं जुन्या मशीनकडे बघून! नव्या मशीनचा डिस्क कंट्रोलर वेगळा असेल तर कर्नलला स्वतःचीच डिस्क दिसत नाही. मग निळा पडदा येतो, स्टॉप ७बी. अर्थ साधा आहे: ज्या डिस्कवरून मी उठलो तीच मला सापडत नाहीये.

एक्सपीपर्यंत आणखी एक भानगड होती. हॅल म्हणून एक थर असतो, कर्नल आणि मदरबोर्ड यांच्यातला दुभाषी. इन्स्टॉलेशनच्या वेळी मदरबोर्ड बघून योग्य तो हॅल बसवला जायचा. इमेज वेगळ्या जातीच्या मदरबोर्डवर गेली की दुभाष्याची भाषाच चुकायची, आणि मशीन सुरू होता होता अडकायचं.

आता तुम्ही म्हणाल, निळा पडदा येतो ना, मग त्यावरचा कोड वाचायचा. वाचला असता हो, पण तो थांबला तर! मशीन कोसळलं की आपोआप रीस्टार्ट करायचं, असं एक सेटिंग विंडोजमध्ये होतं आणि एक्सपीत ते मुळातच चालू असायचं. सर्व्हरसाठी हे शहाणपणाचंच आहे. रात्री तीनला सर्व्हर पडला तर कोण बघणार? उठून आपापला कामाला लागलेला बरा. पण घरच्या मशीनवर त्याचा परिणाम असा झाला की मशीन काय दुखतंय ते सांगायला तोंड उघडायचं आणि कुणीतरी लगेच तोंडावर हात ठेवायचं. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून एफ८च्या मेन्यूत हे ऑटोमॅटिक रीस्टार्ट बंद करण्याची ओळ आली. किती जणांनी तो मेन्यू पूर्ण वाचला होता? बहुतेकांचा हात सेफ मोडवर जायचा, आणि ते नाही चाललं की फॉरमॅटवर.

या सगळ्याचा कळस २००८ च्या मे महिन्यात झाला. एक्सपीचा सर्व्हिस पॅक ३ आला, लोकांनी टाकला, आणि एएमडी प्रोसेसरवाली बरीच मशीन्स रीस्टार्टच्या फेऱ्यात अडकली. त्यात एचपीचे डेस्कटॉप ठळकपणे होते. या लोकांनी घरी कुठलीही इमेज रिस्टोअर केली नव्हती. मशीन वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत होतं. मग झालं काय?

इमेज रिस्टोअर झालीच होती, पण कारखान्यात. उत्पादकानं इंटेलच्या मशीनवर विंडोज लावून त्याची इमेज काढली आणि तीच एएमडीच्या मशीन्सवरही ओतली. त्या इमेजमध्ये इंटेलपीपीएम नावाचा ड्रायव्हर चालू ठेवलेला होता. इंटेल प्रोसेसरची वीज कमी-जास्त करणं हे त्याचं काम. एएमडीच्या मशीनवर त्याचं काही कामच नाही, पण एरवी तो त्रासही देत नसे. पाहुणा म्हणून आलेला, कोपऱ्यात गप्प बसलेला. सर्व्हिस पॅक टाकल्यानंतरच्या पहिल्या बूटला मात्र तो सगळं पाडायचा. निळा पडदा, स्टॉप ७ई, रीस्टार्ट. पुन्हा निळा पडदा, पुन्हा रीस्टार्ट. मायक्रोसॉफ्टमध्ये पूर्वी काम केलेल्या जेस्पर योहान्सन यांनी त्या दिवसांत याचा छडा लावून लोकांना उपाय समजावला. गंमत म्हणजे हा दोष नवा नव्हताच. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ नंतरही हेच झालं होतं आणि मायक्रोसॉफ्टनं त्यावर टिपणही काढलं होतं.

उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जायचं, रजिस्ट्रीत त्या ड्रायव्हरच्या नोंदीत 'स्टार्ट' पुढे ४ लिहायचं. ४ म्हणजे बंद. किंवा रिकव्हरी कन्सोलमध्ये एका ओळीची कमांड द्यायची. बस्स! एक आकडा. फोटो, टॅली, आठ वर्षांच्या मेल, सगळं जिथल्या तिथे. ज्यांनी घाबरून फॉरमॅट मारला त्यांनी एका आकड्यापायी घर पाडलं. पण दोष त्यांना कसा द्यायचा? तो आकडा सांगणारा पडदा त्यांच्यासमोर नीट एक सेकंदही थांबला नव्हता.

पुढे बऱ्याच गोष्टी सुधारल्या. २००७ च्या सुरुवातीला लोकांच्या हाती आलेल्या व्हिस्टानं हॅलची कटकट मिटवली, एकच इमेज वेगवेगळ्या मदरबोर्डवर चालू लागली. विंडोज १० लागोपाठ दोनदा बूट फसलं की आपणहून दुरुस्तीच्या पडद्यावर नेतं. तरी स्टॉप ७बी काही मेला नाही. विंडोज ७ च्या काळात बायोसमध्ये डिस्कचा मोड आयडीईवरून एएचसीआय केला की तो हजर व्हायचा. २०२० नंतरच्या इंटेलच्या लॅपटॉप्समध्ये व्हीएमडी नावाचं सेटिंग आलं, त्यानंही तीच गंमत होते. जुनी इमेज ओतल्यावर मशीन फिरत राहिलं तर आधी हे सेटिंग बघा. आणि इमेज जुन्या बायोसच्या काळातली, मशीन नव्या यूईएफआयचं, असं नाही ना, तेही.

मग उजाडला १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं एक छोटी फाइल जगभर पाठवली. ती वाचताना त्यांचा ड्रायव्हर कोसळायचा, आणि तो ड्रायव्हर बूटच्या वेळीच सुरू होणारा. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीन्स बाधित झाली. विमानं रद्द झाली, आपल्याकडे काही प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीनं ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण फेऱ्यात सापडलेल्या मशीनला ती बातमी पोचणार कशी? उपाय पुन्हा तोच, २००८ चा: सेफ मोडमध्ये जा, एक फाइल पुसा. प्रत्येक मशीनसमोर माणूस बसवून! त्यातही डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर आधी ४८ आकडी किल्ली शोधा. अझूरवरच्या मशीन्ससाठी तर मायक्रोसॉफ्टनं सांगितलं की काही ग्राहकांना पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करून यश आलंय, १५ वेळासुद्धा लागू शकतात. विक्रमादित्याची चिकाटी ती हीच :)

"आम्ही क्लाउडवाले, आमचा काय संबंध?" असं कुणी म्हणत असेल तर थांबा. एम१ मॅकवर डॉकरची इमेज बांधून ती इंटेल प्रोसेसरच्या सर्व्हरवर पाठवून बघा. कंटेनर उठतो, पडतो, उठतो, पडतो, आणि कुबरनेटिस सांगतं, क्रॅशलूपबॅकऑफ. एका शरीराची इमेज दुसऱ्या शरीरात. ऑकलंडमधून निघालेलं भूत तुमच्या क्लस्टरपर्यंत पोचलंय!

फरक एवढाच की कुबरनेटिस लिहिणाऱ्यांनी दोन शहाण्या गोष्टी केल्या. दर वेळी ते आधी १० सेकंद, मग २०, मग ४० असं वाढवत पाच मिनिटांपर्यंत थांबतं. आणि मेलेल्या कंटेनरचे शेवटचे शब्द, म्हणजे लॉग, मागितले तर दाखवतं. रीस्टार्ट करा, पण कारण पुसू नका. एक्सपीत हेच नव्हतं.

मला या सगळ्या इतिहासातून कळलेली गोष्ट साधी आहे. इमेजमध्ये फाइली असतात तशीच गृहीतकंही असतात, आणि ती यादीत दिसत नाहीत. इंटेलपीपीएम हे एक गृहीतक होतं, कारखान्यातल्या कुणाच्या तरी सोयीपायी राहिलेलं आणि वर्षांनंतर भलत्याच्याच घरी फुटलेलं. त्यामुळे बॅकअप आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो एकदा दुसऱ्या मशीनवर, निदान दुसऱ्या डिस्कवर, उतरवून बूट करून बघा. बूट झाला तरच तो बॅकअप, नाहीतर ती नुसती मोठी फाइल. आणि बिटलॉकरची किल्ली त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका, कपाटात कागदावर लिहून ठेवा.

आणि पुढच्या वेळी ओळखीतल्या कुणाचं मशीन गोल गोल फिरायला लागलं आणि बाजूनं कुणी म्हणालं "फॉरमॅट मार", तर त्याला चहा करायला पाठवा. तेवढ्या वेळात ऑटोमॅटिक रीस्टार्ट बंद करा, निळ्या पडद्याला थांबू द्या, आणि कोड कागदावर उतरवून घ्या. तेवढ्यावरून कुठे बघायचं ते बहुतेक वेळा कळतं. फॉरमॅट काय, संध्याकाळीही मारता येईल. मारलेला परत घेता येत नाही.