गिरवलेल्या रेषेचा इतिहास

१. शिलालेखाच्या ठशाचे छायाचित्र खालच्या लेयरवर ठेवायचे, फिकट करायचे आणि त्यावर पेन टूलने एकेक अक्षर गिरवायचे. प्रबंधासाठी गेले काही महिने मी हेच करतो आहे. दिवसातून शेकडो वेळा ओढल्या जाणाऱ्या या वक्ररेषेलाही इतिहास आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२. मित्रहो, या रेषेचा जन्म चित्रशाळेत झाला नाही. तो फ्रान्समधील मोटार कारखान्यांत झाला. मोटारीचा बाह्य आकार तेव्हा रेखाटने आणि प्रतिकृती यांवरून ठरत असे. कागदावरचे वळण साच्यापर्यंत पोहोचेतो थोडेफार बदले. आकड्यांवर चालणारी यंत्रे आल्यावर प्रश्न अधिकच टोकदार झाला : वळण आकड्यांत सांगायचे कसे?

३. पॉल द कास्तेलजो १९५८ मध्ये सित्रोएन कंपनीत रुजू झाले आणि १९५९ मध्ये त्यांनी उत्तर शोधले. चार बिंदू क्रमाने जोडा. तीन रेषाखंड मिळतील. त्यांचे मध्य जोडा; दोन खंड उरतील. त्यांचेही मध्य जोडा. एकच खंड उरेल. त्याचा मध्य हा वक्ररेषेवरचा एक बिंदू. मध्याऐवजी दुसरे प्रमाण घेतले, की दुसरा बिंदू. शाळकरी भूमितीने समजावे इतके हे सोपे आहे.

४. कंपनीने मात्र हा शोध गुपित ठेवला. पुढे रेनो कंपनीतील अभियंते पिएर बेझिए स्वतंत्रपणे त्याच वक्ररेषेपर्यंत पोहोचले. त्यांना आपले काम १९६० च्या दशकातच प्रसिद्ध करता आले. त्यामुळे रेषेला नाव मिळाले बेझिएंचे. यात बेझिएंचा दोष काहीच नाही. जे छापले गेले ते जगाला कळले. जे कपाटात राहिले ते राहिले. कास्तेलजोंचे श्रेय उशिरा मान्य झाले आणि आज ती रेषा काढण्याची रीत त्यांच्या नावाने ओळखली जाते.

५. १९८४ मध्ये अडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा आली आणि छापील अक्षरांचे आकार याच वक्ररेषांनी रेखले जाऊ लागले. १९८७ मध्ये इलस्ट्रेटर आले. २००३ पासून इंकस्केप विनामूल्य उपलब्ध आहे. मोटारीचे वळण असे आपल्या संगणकावर येऊन पोहोचले.

६. पेन टूलमध्ये तेच चार बिंदू असतात : दोन टोके, दोन हँडल. रेषा पहिल्या हँडलच्या दिशेने निघते आणि दुसऱ्याच्या दिशेकडून येऊन मिळते. नवशिका बिंदूंची गर्दी करतो आणि रेषा थरथरते. सरावलेला हात वळण जिथे खरोखर पालटते तिथेच बिंदू ठेवतो.

७. हे काम सॉफ्टवेअरकडूनही आपोआप करून घेता येते. मग हाताने का? शिरोरेषेवर एक खळगा आहे. तो अनुस्वार, की दगडाचा उडालेला टवका? स्वयंचलित ट्रेसिंगला दोन्ही सारखेच काळे ठिपके. मला मात्र ठरवावे लागते, आणि त्या ठरवण्यावर शब्दाचा अर्थ अवलंबून असतो.

८. धोका इथेच आहे. छापलेली रेषा स्वच्छ, ठाम दिसते. तिच्यामागची शंका वाचकाला दिसत नाही आणि पुढचा अभ्यासक माझ्या रेषेलाच दगड समजतो. म्हणून मी संशयित खुणा वेगळ्या लेयरवर, तुटक रेषेने काढतो. कोणत्या छायाचित्रावरून, कोणी आणि केव्हा गिरवले, तेही तिथेच नोंदवतो.

९. कास्तेलजोंचे नाव कपाटात अडकले होते. गिरवणाऱ्याचा निर्णय सुबक रेषेखाली अडकतो. यापुढे पुस्तकात एखाद्या लेखाची रेखाकृती दिसली, तर मूळ छायाचित्र शोधा आणि शेजारी ठेवून पाहा. रेषा नेमकी कुठे अडखळली असेल, तिथूनच वाचन सुरू करा.